मनगटाच्या जोरावर

जोहान्सबर्गचे सुतार रिचर्ड व्हॅन अ‍ॅस यांच्या उजव्या हाताची बोटं २०११ साली करवतीत गेली. तयार कृत्रिम बोटांच्या किमती ऐकून त्यांनी स्वतःच बोट घडवायचं ठरवलं. शोधाशोध करताना अमेरिकेतल्या आयव्हन ओवेन यांचा व्हिडिओ दिसला. त्यात दोऱ्यांवर हलणारा एक भलामोठा पंजा होता, हौसेने वेशभूषेसाठी केलेला. दोघांचं जमलं. मग दक्षिण आफ्रिकेतल्याच एका आईने विचारलं, जन्मापासून एका हाताला बोटं नसलेल्या माझ्या पाच वर्षांच्या मुलासाठी काही करता येईल का?

त्याच्यासाठी धागा सापडला एकोणिसाव्या शतकातल्या एका कृत्रिम हातात. अ‍ॅडलेडच्या दंतवैद्याने तो एका सैनिकासाठी देवमाशाच्या हाडापासून घडवला होता.

रिचर्ड आणि आयव्हन यांनी केलेल्या हातात बॅटरी नाही, मोटर नाही. मूल मनगट खाली वाकवतं, तशा न ताणणाऱ्या दोऱ्या खेचल्या जातात आणि पाचही बोटं मिटतात. मनगट सरळ केलं की बोटांच्या पाठीवरचं इलॅस्टिक ती उघडतं. म्हणून मनगट चांगलं हलत असेल आणि थोडा तळवा असेल, तरच हा हात चालतो.

पण मूल वाढतं. दरवेळी नवा हात कोण घडवणार? मेकरबॉट कंपनीने दोघांना एकेक थ्री-डी प्रिंटर दिला आणि हा प्रश्न सुटला: आराखडा काही टक्क्यांनी मोठा करायचा, पुन्हा छापायचा. जानेवारी २०१३मध्ये पेटंट न घेता त्यांनी तो आराखडा सर्वांना खुला केला. मला या कहाणीतली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते. त्याच वर्षी अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या जॉन शुल यांनी असे हात छापून देणाऱ्या स्वयंसेवकांना एकत्र आणलं, त्यातून ‘ई-नेबल’ हे जाळं उभं राहिलं.

या हाताची पकड बेताचीच, हेही सांगायला हवं. शिवाय जन्मतःच बोटं नसलेल्या मुलाचं काही हरवलेलं नसतं. ते उघड्या तळव्याने, कोपराने, हनुवटीने कामं उरकतं. त्या तळव्याला स्पर्श कळतो, प्लॅस्टिकला कळत नाही. म्हणून कित्येक मुलं हात काढून ठेवतात आणि मोठ्यांनी ते मनाला लावून घेऊ नये. जाणता कारागीर मुलालाच विचारतो, तुला काय करायचंय? व्हायोलिन वाजवायचं असेल तर बोटं कशाला, बो धरणारी खोबण पुरते. सायकलसाठी हँडलवर बसणारा आकडा हवा. मात्र मूल पडलं तर तो हँडलवरून आपोआप निसटला पाहिजे.