नागाला दूध पाजून लेकरांना दया कशी शिकवणार?

श्रावण लागला की भालकी, औराद, हुमनाबाद, आळंद या सगळ्या पट्ट्यात एक वाक्य हमखास कानावर येतं. 'आपल्याकडे बघा, सापालासुद्धा दूध पाजतात. लेकरांना भूतदया शिकवायला पंचमीहून चांगला सण कुठला?' शाळेच्या परिपाठात ते म्हटलं जातं, गावच्या कार्यक्रमात पाहुणे म्हणतात, आणि पंचमीच्या शुभेच्छांबरोबर मोबाईलवरही येतं. म्हणणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, हे मान्य. पण या वाक्याचा पाया खोटा आहे, आणि त्यातून लेकरांच्या डोळ्यांसमोर जे घडतं ते सरळ सरळ क्रौर्य आहे. हे दर वर्षी सांगावं लागतं याचा आता राग येतो.

साप दूध पीत नाही. तो सरपटणारा प्राणी आहे. त्याची आई त्याला पाजत नाही, त्याच्या जातीत दूध हा प्रकारच नाही. दुधातली साखर पचवण्याची सोय त्याच्या शरीरात नाही. नागाचं अन्न म्हणजे उंदीर, बेडूक, पाली, पक्ष्यांची पिल्लं, कधी दुसरा साप. तो ते अख्खं गिळतो. तहान लागली तर पाणी पितो. एवढं सांगितलं की लगेच प्रश्न येतो, 'मग गारुड्याच्या टोपलीतला नाग आमच्या डोळ्यांदेखत वाटीभर दूध प्यायला, ते काय?'

त्या नागाचं आधी काय झालं होतं, हे त्या लेकरांना कुणी सांगत नाही. पंचमीच्या कितीतरी दिवस आधी नाग पकडतात. त्याचे विषदंत उपटतात किंवा मोडतात, काही वेळा विषग्रंथी कापतात, काही वेळा तोंड दोऱ्याने शिवतात. मग त्याला टोपलीत अन्नपाण्याविना ठेवतात. तहानेने कासावीस झालेला कुठलाही जीव समोर आलेला पातळ पदार्थ ओढून घेतो. तिथे ताक ठेवलं असतं तर तेही त्याने घेतलं असतं. शिवाय सापाची श्वासनलिका तोंडात अगदी पुढे, जबड्याच्या तळाशी उघडते. डोकं धरून वाटीत दाबलं की दूध श्वासनलिकेत शिरतं. नागाचं एकच फुफ्फुस खऱ्या अर्थाने कामाचं असतं, उजवं. त्यात दूध गेलं की संसर्ग होतो. तोंडातल्या जखमा चिघळतात, वर डोक्यावर हळद-कुंकू टाकतात ते डोळ्यांत जातं. असा नाग सण उलटल्यावर जंगलात सोडला तरी तो शिकार करू शकत नाही. आपण हात जोडून घरी येतो आणि तो कुठेतरी झुडपात उपाशी मरतो.

आणि हे सगळं पाहायला आपण लेकरांना पुढच्या रांगेत उभं करतो, नमस्कार करायला लावतो. मरणाच्या वाटेवर असलेल्या प्राण्यापुढे पैसे टाकणं म्हणजे पुण्य, एवढाच धडा त्या लेकराच्या पदरात पडतो.

यात सगळा दोष गारुड्यावर ढकलणं सोपं आहे, आणि तेही चूक आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नाग पकडणं, बाळगणं, त्याचे खेळ करणं गुन्हा ठरलं, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यावर जगणाऱ्या लोकांच्या हाताला दुसरं काम फारसं कुणी दिलं नाही. तो दारात येतो कारण आपण वाटी घेऊन बाहेर येतो. आपण वाटी आणली नाही तर पुढच्या वर्षी तो नाग धरणार नाही.

वारुळात दूध ओतणाऱ्यांचं म्हणणं वेगळं असतं. 'आम्ही कुठे नाग धरतो?' बरोबर, त्यात नागाचा छळ नाही. पण वारूळ वाळवी बांधते, नाग फार तर त्यातल्या पोकळीत आसरा घेतो. ओतलेलं दूध मातीत मुरतं, आंबतं, त्याला मुंग्या लागतात. नागाच्या तोंडात त्यातला थेंबही जात नाही.

ही टीका आपल्या मातीत नवी नाही, याचं मला सर्वांत जास्त नवल वाटतं. बाराव्या शतकात कल्याणमध्ये, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, बसवण्णांनी दगडाच्या नागाला दूध वाहणाऱ्या आणि खराखुरा नाग दिसला की मारायला धावणाऱ्या माणसांना एका वचनात सुनावलं आहे. ते वचन कर्नाटकात शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. बसवण्णांच्या अनुभवमंटपाचं नाव घेणाऱ्या बीदर जिल्ह्यात आठशेहून जास्त वर्षांनी आपण दोन्ही गोष्टी तशाच करतो आहोत: सकाळी वारुळावर दूध, आणि त्याच आठवड्यात तुरीच्या शेतात निघालेल्या धामणीवर काठ्या. कर्नाटकात काही मंडळी हा दिवस बसव पंचमी म्हणून पाळतात आणि नागावर ओतायचं दूध गरीब लेकरांना, रुग्णांना देतात. सीमाभागातल्या मराठी शाळांनीही हे करायला काहीच हरकत नाही.

'म्हणजे पंचमी करायचीच नाही का?' हा प्रश्न रागाने विचारला जातो, म्हणून शांतपणे उत्तर देते. जरूर करावी. या सणात लेकरांना सांगण्यासारखं खूप आहे, फक्त ते दुधाच्या वाटीत नाही. त्या दिवशी नांगर धरत नाहीत, जमीन खणत नाहीत, विळीवर काही चिरत नाहीत, तवा चढवत नाहीत. ऐन पावसाळ्यात बिळांत पाणी शिरतं, साप, बेडूक, सरडे वर येतात, आणि त्याच दिवसांत एक दिवस जमीन न उकरण्याचा. हा नियम कळायला लेकराला कुठलंही पुस्तक लागत नाही. पाटावर गंधाने काढलेला किंवा मातीचा नाग पुजावा, ज्वारीच्या लाह्या खाव्यात, झोके घ्यावेत. बत्तीस शिराळ्याचं उदाहरण सगळे देतात. तिथे जिवंत नागांची मिरवणूक निघायची, ती मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर थांबली आणि लोक प्रतिमा पुजू लागले. सण बुडाला नाही. २०२५ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने तिथे २१ नाग पकडायची परवानगी दिली, आणि कारण दिलं ते तरुणांना सर्पसंवर्धनाचं पारंपरिक ज्ञान देण्याचं. संवर्धन शिकवण्यासाठी नाग बिळातून ओढून काढावा लागतो, हे मला पटत नाही. पाठीवरच्या खवल्यांपासून फण्यापर्यंत सगळं आज चित्रात आणि चित्रफितीत दाखवता येतं.

दुधानंतरचा दुसरा मोठा गैरसमज डूख धरण्याचा. नागाला मारलं की नागीण येते, मारणाऱ्याचा चेहरा तिच्या डोळ्यांत उतरतो, ती घर शोधत येते. यावर सिनेमे निघाले, १९७६ चा 'नागिन' आणि १९८६ चा 'नगीना' गावोगाव चालले, आणि लेकरांच्या मनात साप म्हणजे सूड हे पक्कं बसलं. सापाच्या मेंदूत माणसाचा चेहरा लक्षात ठेवून सूड घेण्याची क्षमता नाही. नाग-नागीण नवरा-बायकोसारखे आयुष्यभर जोडीने राहत नाहीत; मीलनाचा काळ संपला की आपापल्या वाटेने जातात. तरीही ही गोष्ट निरुपद्रवी समजू नका. 'अर्धवट सोडला तर डूख धरील' म्हणूनच लोक सापाला ठेचून ठेचून मारतात, जाळतात, आणि लेकरं ते पाहत असतात. साप माणसाच्या मागे लागत नाही. १९८० मध्ये पुण्यात नीलिमकुमार खैरे ७२ विषारी सापांबरोबर एका काचेच्या खोलीत ७२ तास राहिले, ते हेच दाखवण्यासाठी की डिवचल्याशिवाय साप सहसा चावत नाही. लेकरांना हे सांगताना दुसरं वाक्यही लगेच सांगावं: हे जाणकाराचं काम, तुमचं काम लांब उभं राहण्याचं.

बाकीचे समज एकेका वाक्यात उरकते, कारण त्यांना त्याहून जास्त जागा द्यायची गरज नाही.

धामण म्हशीच्या पायाला वेढा घालून सडातून दूध पिते: तिचे दात मागे वळलेले आणि अणकुचीदार असतात, ते लागले तर म्हैस उभी राहणार नाही, धामण गोठ्यात येते ती उंदरांसाठी. दोन धामणी एकमेकींना वेढून उभ्या राहिल्या की त्यांच्यावर नवं कापड टाकावं, भरभराट होते: तो शृंगार नसतो, ते बहुधा दोन नर असतात आणि त्यांची कुस्ती चाललेली असते. पुंगीच्या सुरावर नाग डोलतो: त्याला बाहेरचा कान नाही, जमिनीतली कंपनं आणि खालच्या पट्टीतले काही आवाज त्याला जाणवतात, पण डोलतो तो समोर हलणाऱ्या पुंगीवर आणि गारुड्याच्या हातावर नजर ठेवून. मांडुळाला दोन तोंडं असतात आणि ते गुप्तधन दाखवतं: तोंड एकच, शेपटी बोथट असल्याने फसगत होते; या खोट्यापायी कर्नाटक-महाराष्ट्रात मांडुळांची तस्करी चालते. सरडा अपशकुनी, त्याला दगड मारला तर पुण्य: तो किडे खाऊन जगणारा गरीब जीव आहे. दगड मारला की कुत्रा चावत नाही: उलट भ्यालेला कुत्राच चावतो, आणि चावलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुऊन दवाखाना गाठायचा, मिरची-चुना लावायचा नाही.

आता त्या आक्षेपाकडे येते जो आईबाप खरोखर काळजीने घेतात. 'दया-दया शिकवाल आणि लेकरू सापाला हात लावेल. मग?' ही काळजी खोटी नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं मेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, आणि त्यांत चौथाईहून जास्त १५ वर्षांखालची लेकरं होती. मरण बहुतेक खेड्यांत, घरीच आलेलं. कर्नाटकाने २०२४ च्या फेब्रुवारीत सर्पदंशाची नोंद दवाखान्यांना सक्तीची केली ती याच कारणाने.

पण या लेकरांचा जीव दयेने गेला नाही. अंधारात अनवाणी चालणं, जमिनीवर झोपणं, उंदरांनी भरलेलं घर, कडब्याच्या ढिगात किंवा दगडांच्या फटीत हात घालणं, आणि दंशानंतर मांत्रिकाकडे गेलेला वेळ, या गोष्टींनी माणसं मरतात. ज्या लेकराला साप ओळखता येतो, त्याला लांबून नमस्कार करून निघून जायला शिकवलंय, ते काठी घेऊन जवळ जाणाऱ्या लेकराहून जास्त सुरक्षित आहे. मारायला गेलेला माणूस सापाच्या टप्प्यात जातो आणि तिथेच चावा बसतो.

दयेचं शिक्षण वर्गात देता येतं, त्यासाठी प्राणी हातात द्यावा लागत नाही. अमेरिकेतल्या यूटा स्टेट विद्यापीठात फ्रँक ॲस्किओन यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नेहमीच्या धड्यांतच वर्षभर प्राण्यांविषयीचे पाठ गुंफले होते. चौथीच्या मुलांत प्राण्यांबद्दलची आपुलकी तर वाढलीच, माणसांबद्दलची सहानुभूतीही वाढलेली दिसली. आपल्याकडे तर बीदरमध्ये राज्याचं पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे. तालुक्याच्या शाळांनी पंचमीच्या आठवड्यात तिथल्या एखाद्या डॉक्टरांना बोलावलं, तर गारुड्याच्या खेळाहून कितीतरी चांगला तास होईल.

त्या तासात काय सांगायचं, तेही लिहून देते. भारतातले बहुतेक जीवघेणे दंश चार सापांचे असतात: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. त्यांची मोठी चित्रं भिंतीवर लावायची, आणि शेजारी धामण, दिवड, कवड्या, मांडूळ या बिनविषारी सापांची. कवड्या आणि मण्यार दिसायला सारखे वाटतात, म्हणून शंका आली की विषारी समजून लांब व्हायचं. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावते. चावा दुखत नाही, खूणही दिसत नाही, पहाटे पोटात दुखायला लागतं, पापण्या जड होतात. म्हणून बाजेवर झोपायचं, मच्छरदाणी गादीखाली खोचायची. रात्री परसाकडे जाताना बॅटरी आणि चप्पल. घरात साप निघाला तर लेकरांना बाहेर काढून एकाने लांबून नजर ठेवायची आणि वनखात्याला किंवा सर्पमित्राला बोलवायचं.

आणि दंश झालाच तर आवळून बांधायचं नाही, ब्लेडने कापायचं नाही, तोंडाने विष ओढायचं नाही. चावलेला हात किंवा पाय हलू द्यायचा नाही, धीर द्यायचा, १०८ ला फोन करायचा आणि जवळचा सरकारी दवाखाना गाठायचा. बीदरला ब्रिम्स, कलबुर्गीला जिम्स. मारुतीच्या देवळात किंवा दर्ग्यात नेऊन उतरलेलं विष आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ते उतरतं कारण चावलेला साप बिनविषारी असतो किंवा विषारी सापाने त्या वेळी विष सोडलेलंच नसतं. विष भिनलेल्या लेकराला वाचवणारं औषध एकच, प्रतिविष. ते सापाच्याच विषाचे थोडे थोडे डोस घोड्यांना टोचून, त्यांच्या रक्तातून तयार होतं.