बंदुकीचा परवाना : कायद्याचा रोख कोणावर?

कॅलिफोर्निया राज्याने दहापेक्षा अधिक गोळ्या मावणाऱ्या मॅगझिनवर घातलेली बंदी तेथील संघीय अपील न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये वैध ठरविली. अमेरिकेत १७९१ च्या घटनादुरुस्तीने शस्त्र बाळगण्याचा हक्क मान्य केला असल्याने, तो हक्क कितव्या गोळीपाशी संपतो हाही तेथे घटनात्मक प्रश्न होतो. रावेरच्या वाचकास हा वाद दूरचा वाटेल. परंतु बंदुकीत किती बार असावेत याचा विचार आपल्याही कायद्याने केला आहे, आणि तो थेट शेताच्या बांधापर्यंत येतो.

१८७८ च्या कायद्याने इंग्रजांनी हिंदी माणसास निःशस्त्र केले. कराचीच्या काँग्रेसने १९३१ मध्ये नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मागितला होता. पण स्वतंत्र भारताच्या घटनेने सभेचे स्वातंत्र्य दिले तेही ‘विनाशस्त्र’ या अटीवर. माझ्या मते हे योग्यच झाले. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार, चाप दाबून धरताच मॅगझिन रिकामे होईपर्यंत गोळ्या सुटत राहतील असे शस्त्र सामान्य नागरिकास निषिद्ध आहे. पीकरक्षणासाठी अर्ज करणाऱ्या शेतकऱ्यास तेरावे कलम प्रथम ठासणीची बंदूक देऊ करते. ती अपुरी असल्याची अधिकाऱ्याची खात्री पटली तरच दुसरी. एक बार काढावा, पुन्हा दारू ठासावी, तोवर रानडुकरांचा कळप मक्यातून पसार!

२०१९ च्या दुरुस्तीने परवानाधारकाची मर्यादा तीन शस्त्रांवरून दोनवर आणली आणि बेकायदा निर्मितीची शिक्षा सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत वाढविली. पण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास ठाऊक असते की, गुन्ह्याची किंमत केवळ शिक्षेने नव्हे, तर पकडले जाण्याच्या शक्यतेनेही ठरते. चोपड्याच्या सीमेपलीकडील उमर्टी आणि शेजारच्या बऱ्हाणपूर जिल्ह्यातील पाचोरी (आपले पाचोरे नव्हे) ही गावे गावठी पिस्तुलांसाठी वारंवार वृत्तपत्रांत येतात. छापे पडतात, माल जप्त होतो आणि काही महिन्यांनी पुन्हा तीच बातमी येते. पिढीजात लोहारकामाला दुसरे गिऱ्हाईक मिळाल्याखेरीज हा पुरवठा आटणार नाही.

झळ लागते ती कायदा पाळणाऱ्यास. बंदुकीसाठी जिल्हाधिकारी कार्यालय, पोलिसांचा अहवाल. आणि रानडुक्कर मारण्यास १९७२ च्या वन्यजीव कायद्याखालची परवानगी निराळीच. तोवर हंगाम सरतो. मग कोणी कुंपणात वीज सोडतो, आणि त्या तारेला डुकराऐवजी शेजारचा माणूस चिकटतो. वास्तविक, पोलिसांचा अहवाल विहित मुदतीत न आल्यास त्याची वाट न पाहता निर्णय देण्याची मुभा तेराव्या कलमातच आहे. निदान सातपुड्याच्या पायथ्याच्या तालुक्यांतील पीकरक्षणाच्या अर्जांना तरी ती पेरणीपूर्वी लावावी.