लोणार एकदाच पाहून कसे चालेल?

युरोपची सहल करून आलेली मंडळी भेटली की आल्प्स पर्वताचे वर्णन हमखास ऐकायला मिळते. ऑस्ट्रियात त्सेल आम झे नावाचे एक गाव आहे. गाव तळ्याच्या काठी, समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचीवर, आणि जवळच ३,२०३ मीटर उंचीचे किट्सश्टाइनहॉर्न हे शिखर. शिखराच्या अंगावर हिमनदी. १९६५ साली इथेच ऑस्ट्रियातले हिमनदीवरचे पहिले स्कीइंगचे केंद्र सुरू झाले. या गावाचा खरा गुण असा, की तिथे पाहुणे बाराही महिने येतात. उन्हाळ्यात तळ्यात पोहायला आणि होड्या वल्हवायला, पानगळीत डोंगरातून पायी हिंडायला, हिवाळ्यात बर्फावर घसरायला. जागा तीच, पण ऋतू पालटला की ती नव्याने पाहण्यासारखी होते, हे तिथल्या लोकांनी ओळखले आणि त्यावर गावाचा संसार उभा केला.

आता आपल्याकडे या. वाशीम जिल्ह्यात बर्फ नाही आणि आल्प्ससारखे पर्वतही नाहीत. पण वाशीमहून रिसोडमार्गे निघाले तर दोन-सव्वादोन तासांत, आणि रिसोडहून तासाभरात, आपण अशा एका तळ्याच्या काठावर पोहोचतो की ज्याच्यासाठी जगभरचे शास्त्रज्ञ येतात. हे तळे म्हणजे लोणार. जिल्हा बुलढाणा, पण आपल्याला शेजारच्या अंगणासारखे. तरीही आपल्यातले बहुतेक जण तिथे आयुष्यात एकदाच जातात. शाळेची सहल, नाहीतर पाहुण्यांना दाखवायला म्हणून. काठावर उभे राहून फोटो काढायचा, धारेवर हातपाय धुवायचे आणि 'लोणार पाहिले' म्हणून परत फिरायचे. माझे म्हणणे एवढेच आहे, की लोणार वर्षातून चार वेळा, चार ऋतूंत पाहावे. तसे पाहिले तरच ते समजते.

तळ्याची जन्मकथा थोडक्यात सांगतो. पुराणात ती लवणासुराची आहे. विष्णूने दैत्यसूदनाचे रूप घेऊन त्याला मारले आणि त्याच्या राहण्याच्या जागी हे खारे तळे राहिले. विज्ञानाची कथाही काही कमी अद्भुत नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाने बनलेल्या आपल्या काळ्या पाषाणावर आकाशातून एक उल्का प्रचंड वेगाने आदळली आणि जवळपास १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा पडला. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. पुढे कित्येक वर्षे तो ज्वालामुखीचा असावा असेच अनेकांना वाटत होते. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने, प्रचंड आघातानेच तयार होणारी काच इथल्या खडकात दाखवून दिली आणि उल्कापाताचे मत पक्के झाले. वय पूर्वी पन्नास हजार वर्षांच्या आसपास सांगत. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत ते पाच लाख सत्तर हजार वर्षांच्या घरात निघाले. काळ्या पाषाणात झालेले आणि इतके चांगले टिकलेले विवर जगात क्वचितच सापडते.

आता ऋतूंची गोष्ट. या तळ्याला पाणी येण्याचे मार्ग आहेत, जाण्याचा एकच. पाऊस पडतो, उतारावरून ओहोळ येतात, गोमुखातून पडणारी धार आणि रामगया, सीतान्हाणी यांसारखे गोडे झरे येऊन मिळतात. बाहेर वाहून जायला मात्र नदी नाही की नाला नाही. पाणी जाते ते उन्हाने वाफ होऊनच. वाफ जाते, क्षार मागे राहतात. म्हणूनच वरून गोडे पाणी येत असूनही तळे खारे आणि साबणासारखे अल्कधर्मी. हा जमाखर्च दर महिन्याला बदलतो आणि तो नुसत्या डोळ्यांनी वाचता येतो.

उन्हाळ्यात खर्च जास्त. एप्रिल-मेमध्ये पाणी मागे सरकते आणि काठावर क्षारांचा पांढरा थर दिसतो. या क्षारांना इथे दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी खास नावे होती. साबण आणि काच करण्यासाठी लागणारा माल इथे मिळतो, हे अकबराच्या काळच्या 'आईन-ए-अकबरी'तही नोंदले आहे. ऊन कडक असते, तेव्हा पहाटे पोहोचून नऊच्या आत वर यावे. याच दिवसांत, मेच्या मध्यास, गावातल्या दैत्यसूदन मंदिरात सूर्याचे किरण मूर्तीवर येतात. मंदिरावरचे कोरीव काम सावकाश पाहायला दुपारची वेळ बरी, कारण आत गारवा असतो.

उन्हाळ्याचा हाच हिशेब २०२० साली साऱ्या जगाने पाहिला. त्या वर्षी जूनमध्ये तळ्याचे पाणी एकाएकी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले, तेव्हा खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या अतिसूक्ष्म जीवांचा हा रंग असल्याचे दिसले. पाणी आटले, खारटपणा वाढला आणि त्या जीवांना सुगीचे दिवस आले. पुढे पाऊस पडला, पाणी पातळ झाले आणि रंगही ओसरला. एरवी तळे हिरवट दिसते, ते त्यातल्या निळ्या-हिरव्या शेवाळामुळे.

पावसाळ्यात जमेची बाजू वाढते. विवराच्या भिंती हिरव्यागार होतात, जागोजागी ओहोळ उतरू लागतात, मोरांचे ओरडणे खालून वरपर्यंत ऐकू येते. निसर्ग पाहायचा तर हा काळ सर्वांत देखणा, पण वाट निसरडी असते. लहान मुले आणि वडीलधारी माणसे बरोबर असतील तर काठावरूनच पाहावे. धारेचा खळाळ तेवढ्यासाठीही पुरेसा आहे.

आश्विनात नवरात्र येते आणि विवरातल्या कमळजा देवीची यात्रा भरते. एरवी शांत असलेली वाट नारळ, ओटी आणि गजराने भरून जाते. देवळाजवळच्या सासू-सुनेच्या विहिरीची गोष्ट याच वेळी कुणीतरी सांगते. एकाच विहिरीत एकीकडे गोडे पाणी आणि दुसरीकडे खारे! गोड्या झऱ्यांचे आणि खाऱ्या तळ्याचे शेजारपण लोकांनी किती मोजक्या शब्दांत सांगून ठेवले आहे, पाहा.

हिवाळा मात्र पायी फिरणाऱ्यांचा आणि पक्षी पाहणाऱ्यांचा. विवराच्या कडेने पूर्ण फेरी मारली तर पाच-सहा किलोमीटरची चाल होते. या परिसरात दीडशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद आहे, आणि थंडीत दुरून आलेली बदके पाण्यावर दिसतात. दुर्बीण असेल तर न्यावी, नसेल तरी कान उघडे ठेवावेत.

सरकारदरबारी लोणारची दखल घेतली गेली आहे. १९७९ साली राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक, २००० साली अभयारण्य आणि २०२० साली रामसर यादीतली पाणथळ जागा, असे मान त्याला मिळाले. पण मान मिळाल्याने जमाखर्च सांभाळला जातोच असे नाही. गावाचे सांडपाणी, विवरात पूर्वी होणारी शेती, उतारांवर माजलेली वेडी बाभूळ यांवर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत प्रकरणे गेली. आणि गेल्या काही वर्षांत उलटीच काळजी उभी राहिली आहे. पाणी आटण्याऐवजी वाढू लागले आणि कमळजेच्या देवळापर्यंत आले. गोडे पाणी प्रमाणाबाहेर आले तर तळ्याचा खारेपणा उतरतो. मग ज्या सूक्ष्म जीवांसाठी हे तळे जगात प्रसिद्ध आहे, त्यांनी जायचे कुठे? असे दुसरे तळे आपल्याला कुठून आणता येणार?

आल्प्समधले लोकही आज याच प्रकारच्या काळजीत आहेत. हिमनदी म्हणजे शेवटी बर्फाचा जमाखर्चच. हिवाळ्यात जमा, उन्हाळ्यात खर्च. तिथे खर्च वाढला आहे, म्हणून काही ठिकाणी उन्हाळ्यात हिमनदीवर पांढरे कापड अंथरून ती झाकतात. तिथली माणसे बर्फ दरवर्षी पाहतात, म्हणून कमी झालेला त्यांना कळतो. आपण लोणार एकदाच पाहिले, तर पाणी कुठवर होते आणि कुठवर आले, हे आपल्याला कसे कळणार? वर्षातून चार वेळा जाणारा माणूस आपोआप तळ्याचा राखणदार होतो.

याला दुसरीही बाजू आहे. पाहुणे एकाच मोसमात, दोन तासांसाठी आले तर गावातल्या वाटाड्याला, चहावाल्याला, खानावळीला त्यातून वर्षभर पोट भरता येत नाही. ज्याची भाकरी तळ्यावर चालते, तो तळ्यात घाण पडू देत नाही.

जाणे आता अवघड राहिलेले नाही. लांबून येणाऱ्यांना अकोला-पूर्णा मार्गावरचे वाशीम स्टेशन आहे, समृद्धी महामार्गावरून मेहकरला उतरता येते. दोन दिवस काढले तर पहिल्या दिवशी वाशीमचा बालाजी, पद्मतीर्थ आणि शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ, दुसऱ्या दिवशी लोणार, आणि वेळ उरला तर सिंदखेडराजाला जिजाऊंचे जन्मस्थान, असा बेत सहज जमतो. खाली उतरण्याची वाट खुली आहे का, हे आधी विचारून घ्यावे. पिण्याचे पाणी बरोबर न्यावे आणि प्लॅस्टिक परत आणावे. खडक फोडून आठवण म्हणून तुकडे आणू नयेत.

आणखी एक करावे. प्रत्येक खेपेला काठावरच्या एकाच जागेवरून तळ्याचा एक फोटो काढावा आणि मागे तारीख लिहावी. चार ऋतूंचे चार फोटो शेजारी ठेवले की तळ्याचा वर्षाचा हिशेब घरातल्या मुलांनाही वाचता येईल. पुढच्या वर्षी तीच मुले विचारतील, यंदा पाणी कुठवर आले ते पाहायला कधी जायचे?