सव्वीस इंचांचं दशक

डोंगरी सायकलचं २६ इंची चाक आता बाद झालं, ही बातमी मला या उन्हाळ्यात जळगावच्या एका चकचकीत दुकानात मिळाली. "काका, त्या मापात चांगली रिम येतच नाही. फ्रेमच बदला." फ्रेमला तडा नाही, गंज नाही, मग ती का बदलायची? याचं उत्तर त्या पोराकडे नव्हतं. चाकांची मापं दूर कुठेतरी ठरतात आणि भुसावळजवळच्या आमच्या दीपनगरात फक्त त्यांचा निकाल येतो.

दीपनगरात सायकल औष्णिक केंद्राइतकीच जुनी आहे. ड्युटीच्या वेळेला गेटकडे जाणाऱ्या त्या काळ्या २८ इंची सायकली, पुढच्या चाकात ३२ आरे, मागच्यात ४०, गिअर एकच. त्यावर लिहिण्यासारखं फार नाही, कारण ती हौस नव्हती, हजेरी होती. नव्वदच्या दशकात हीरो रेंजर आली. जाड टायर, सरळ हँडल, नळीवर 'एमटीबी' ही अक्षरं आणि मागे तेच एकुलतं एक फ्रीव्हील. डोंगराचा नुसता आव! कॉलनीतली पोरं खुळावली होती. ती वर्षंही सोडून देऊ.

खरी मजा सुरू झाली ती २००५ नंतर. त्या वर्षी वीज मंडळाचं विभाजन होऊन आमचं केंद्र महानिर्मितीकडे आलं, आणि त्याच सुमारास फायरफॉक्स ही सायकल कंपनी सुरू होऊन मोठ्या शहरांत गिअरच्या सायकली दिसू लागल्या. त्या परवडत नव्हत्या, म्हणून आम्ही काही जणांनी सायकली बांधायला घेतल्या. भुसावळ जंक्शन असल्याचा हा एक फायदा. मुंबईहून येणाऱ्या कुणाच्या ना कुणाच्या सामानात एखादा हब किंवा डिरेलर येत असे.

चाक मात्र भुसावळातच बांधलं जायचं. आमचा मिस्त्री ३६ भोकांची रिम मांडीवर घ्यायचा, एकेक आरा तीन आऱ्यांना ओलांडून घालायचा, मग सायकल उलटी करून, फोर्कला खडू टेकवून चाकाचा आऊट काढायचा. खडू जिथे घासला तिथे विरुद्ध बाजूचं निप्पल पाव फेरी आवळायचं. शेवटी तो बोटानं एकेक आरा छेडायचा. एका बाजूचे सगळे एका सुरात वाजले पाहिजेत. "भो, डोया नही, कान लाव," असं तो म्हणायचा. त्याने बांधलेलं चाक सातपुड्यातल्या पालच्या घाटातून उतरून आलं तरी वाकत नसे. आता चाकं तयार खोक्यातून येतात, २८ आऱ्यांची. दुकानातली मुलं ती फक्त बसवतात.

मागे फ्रीव्हील लावायचं की कॅसेट, यावर आमच्यात अबोला धरण्यापर्यंत वाद झाले. पुण्याच्या एका दुकानदाराने मला ठासून सांगितलं होतं की काही फरक पडत नाही. पडतो. सात चकत्यांच्या फ्रीव्हीलच्या हबात उजवीकडचे छर्रे फार आत बसतात, बाहेरचा दांडा आधाराशिवाय राहतो आणि वजनदार माणूस खड्ड्यात आदळला की तोच वाकतो. कॅसेटच्या हबात छर्रे पार टोकाला असतात. त्याने विकलेला हब खिरोदा गावाच्या पुढे वाकला, तेव्हा हे विज्ञान मला सायकल ढकलत शिकावं लागलं. तो दुकानदार आता 'वाजवी सल्ला' देणारा म्हणून प्रसिद्ध आहे, असं ऐकतो.

आमच्या सायकलींना पुढे ४२-३२-२२ दातांच्या तीन चकत्या, मागे ११ ते ३२ दातांच्या आठ. २२ वर ३२ लावलं की पॅडलच्या एका फेरीत २६ चं चाक साधारण १.४ मीटर जातं. सातपुड्यातल्या कुठल्याही चढाला ते पुरे. परतताना महामार्गावर ४२ वर ११ लावायचं, की तीच फेरी आठ मीटरच्या आसपास. केंद्राची राख साठवणाऱ्या वेल्हाळ्याच्या बंधाऱ्याकडून आलं की चेनला राख आणि तेलाची जी काळी लापशी चिकटायची, ती रॉकेलने धुऊन काढायची. आठची चेन जाड. ती हे सगळं सोसायची.

मग २०१२ उजाडलं. लंडन ऑलिम्पिकच्या डोंगरी सायकल शर्यतीत चेक प्रजासत्ताकाच्या यारोस्लाव्ह कुल्हावीने २९ इंची चाकांवर सुवर्ण मिळवलं, आणि त्याच वर्षी स्वित्झर्लंडच्या निनो शुर्टरने विश्वचषकाची शर्यत २७.५ वर जिंकली. दोघांचं भांडण आणि तिसऱ्याचा बळी! काही वर्षांत २६ इंची चांगल्या सायकली निघायच्याच थांबल्या. आमच्यातला एक इंजिनिअर तेव्हापासून '२९ म्हणजे भविष्य' असं ऐकवत फिरतो. त्याला मी आजवर सांगितलेलं नाही ते इथे लिहितो: २९ च्या रिमचा व्यास ६२२ मिलिमीटर आणि गेटवर लागणाऱ्या त्या काळ्या २८ इंची सायकलच्या रिमचा ६३५. त्याचं भविष्य त्याच्या वडिलांनी ड्युटीवर नेऊन झिजवलं होतं.

न्यायानं बोलायचं तर मोठं चाक काळ्या मातीत पडलेल्या चाकोऱ्यांवरून सहज जातं, आणि ट्यूबलेस टायरने बाभळीच्या काट्याचा जाच खरोखर कमी केला. हे मान्य. पण २०१६ मध्ये स्रॅम कंपनीने मागे बारा चकत्या लावून पुढे एकच ठेवायची चाल आणली, तिचं कौतुक मला कळत नाही. चाक दहा टक्के मोठं झालं की तोच गिअर दहा टक्के जड होतो, त्यात पुढची लहान चकती गेलेली, म्हणून मागे ताटाएवढी ५१ दातांची चकती लागते. पुढे ३२, मागे ५१, चाक २९. हिशेब केला तर एका फेरीत पुन्हा तेच १.४ मीटर! चेन बारीक, राखेत लवकर झिजते, आणि एका चांगल्या कॅसेटच्या पैशात तेव्हा अख्खी रेंजर आली असती.

२०१५ मध्ये नाशिकच्या महाजन डॉक्टर बंधूंनी रेस अक्रॉस अमेरिका ही सायकल शर्यत पूर्ण केली. अभिमान वाटला, पण त्यानंतर आमच्यातले निम्मे बारीक टायरवर गेले आणि पालचा रस्ता सुटला. काही निवृत्त होऊन गावी गेले. मिस्त्रीच्या जागी मोबाइल रिचार्जचं दुकान झालं. जून २०२० मध्ये, नेमकं जागतिक सायकल दिनाला, अ‍ॅटलसने साहिबाबादचा सायकलींचा कारखाना बंद केला, तेव्हा हळहळायलाही कट्ट्यावर कुणी उरलं नव्हतं.

आज इथे कुणी डोंगरी सायकल बांधत असेल, तर त्याने चाक २९ चंच घ्यावं, २६ साठी रडत बसू नये. रिमला ३२ भोकं असावीत, २८ नकोत. पुढे दोन चकत्या, ३६-२२; मागे नऊ, ११ ते ३६. त्यात चढाला १.४ मीटर मिळतात, महामार्गाला साडेसात, आणि नऊची चेन बाराच्या चेनपेक्षा स्वस्त पडते.