क्लेरो व धूमकेतूचें गणित

बालवयांतच पॅरिसच्या विज्ञानपरिषदेपुढें निबंध वाचणाऱ्या आलेक्सी क्लेरो (१७१३-१७६५) या फ्रेंच गणितज्ञाची खरी कसोटी आम्हांस एका धूमकेतूच्या प्रकरणांत दिसते. १६८२ सालीं दिसलेला धूमकेतु १७५८ च्या सुमारास परतेल, असें हॅलेनें वर्तविलें होतें. तो न येता तर न्यूटनचा सिद्धान्तच संशयांत पडता. गुरु व शनि यांच्या आकर्षणानें त्यास किती विलंब होईल, हें काढण्यास क्लेरोनें लालांद व मादाम लपोत यांच्यासह कित्येक महिने आंकडेमोड केली. (या विदुषीचें नांव पुढें आपल्या ग्रंथांतून त्यानें गाळलें, हें आम्हांस रुचत नाहीं.) उत्तर आलें: मागील फेऱ्यापेक्षां ६१८ दिवस अधिक. १७५९ च्या एप्रिलच्या मध्यास, महिनाभर मागेंपुढें, धूमकेतु सूर्यासमीप येईल, असें त्यानें नोव्हेंबर १७५८ मध्यें जाहीर केलें. तो १३ मार्च रोजीं आला.