सावली लपवायची कशी?

उत्तर अमेरिकेत मका व गहू यांची कापणी झाली, की स्थलांतर करणारी रानबदके आणि हंस सांडलेले दाणे टिपण्यासाठी थव्याथव्याने शेतांत उतरतात. तेथे परवाना घेऊन ठरावीक हंगामात त्यांची शिकार करता येते. तळ्याकाठी लपायला उंच गवत असते. मोकळ्या शेतात मात्र शिकाऱ्याला लपण बरोबर न्यावे लागते. ते मुख्यतः दोन प्रकारचे असते. एक आडवे, त्यात माणूस उताणा पडून राहतो आणि त्याची उंची जेमतेम ४५ सेंटिमीटर असते. दुसरे तिरक्या भिंतींचे. त्यात तीनचार माणसे बसतात आणि ते सुमारे १८० सेंटिमीटर उंच असते. यांतले कोणते निवडावे?

प्रथम पाहणाऱ्याचा विचार करू. मॅलार्ड बदकाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना व बरेच वर असतात. त्यामुळे मान न वळवता त्याला चोहोबाजूंचे दिसते. रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी आपल्या डोळ्यात तीन प्रकारच्या, तर पक्ष्यांच्या डोळ्यात चार प्रकारच्या असतात. म्हणूनच आपल्याला हुबेहूब वाटणारे छापील कापड पक्ष्याला तसे वाटेलच असे नाही. यावर सोपा उपाय म्हणजे त्याच शेतातली धसकटे लपणाच्या पट्ट्यांत खोवणे. खऱ्या धसकटाचा रंग कोणत्याही डोळ्याला धसकटाचाच दिसणार!

परंतु रंग जुळला तरी सावली उरतेच. पक्षी सकाळी चरायला येतात, तेव्हा सूर्य क्षितिजालगत असतो. सावलीची लांबी म्हणजे वस्तूची उंची भागिले सूर्याच्या उन्नतांशाची स्पर्शज्या. उन्नतांश १० अंश असेल तर स्पर्शज्या सुमारे ०.१७६ येते. म्हणजे आडव्या लपणाची सावली अडीच मीटर, तर उंच लपणाची दहा मीटरांहून लांब! वरून पाहणाऱ्याला पिवळ्या शेतातला हा काळा पट्टा लपणाच्या आधी दिसतो.

यातून निवडीचा नियम मिळतो. शेताच्या मध्यभागी आडवे लपण चांगले. धसकटे फार आखूड असतील तर शेतमालकाच्या परवानगीने उथळ खड्डा करून ते आणखी खाली बसवावे. उंच लपण बांधावरच्या झाडझुडपांना लागून ठेवावे. तेथे त्याची सावली झुडपांच्या सावलीत मिसळून जाते. मात्र सावज दबा धरून बसणाऱ्या शत्रूच्या भीतीने अशा कडांपासून दूर उतरणे पसंत करते, हेही लक्षात घ्यावे. ढगाळ दिवशी सावली फिकट होते आणि उंच लपणाची अडचण कमी होते.

भारतात १९७२ चा वन्यजीव (संरक्षण) कायदा व त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांमुळे अशी शिकार करता येत नाही. पण नांदूर मध्यमेश्वरला बदके पाहायला जाणाऱ्या निरीक्षकालाही हेच गणित उपयोगी पडेल. आपण दिसलो तर थवा उडतो, त्याचे चरणे थांबते आणि उडण्यात त्याची ऊर्जा खर्च होते.

वर्गासाठी एक प्रयोग: सकाळच्या उन्हात मैदानावर मातीच्याच रंगाची दोन खोकी ठेवा, एक बुटके व एक उंच. विद्यार्थ्यांना गच्चीवरून पाहू द्या. कोणते आधी दिसले? दुपारी बारा वाजता तोच प्रयोग पुन्हा करा आणि दोन्ही वेळच्या सावल्या मोजून पाहा.