तळ्याच्या तळाशी साचलेला धोका

इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरील सेलाफिल्ड येथे वापरलेले अणुइंधन थंड ठेवण्यासाठी बांधलेले एक जुने, उघडे तळे आहे. या इंधनावर मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे आवरण असते. थोड्या काळासाठी ठेवलेले इंधन वर्षानुवर्षे पाण्यात राहिले आणि आवरण गंजले. त्यातून हायड्रोजन वायू सुटला, तळाशी मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचा गाळ साचला. युरेनियम, प्लुटोनियम बहुतांशी गाळातच राहतात. सीझियम मात्र मिठासारखे पाण्यात विरघळते. गंज मंदावण्यासाठी कॉस्टिक सोडा घालून पाणी अल्कधर्मी ठेवतात. बाहेर सोडायच्या पाण्यातले सीझियम १९८५पासून झिओलाइट हे खनिज पकडून ठेवते. सीझियम-१३७ निम्मे व्हायला सुमारे ३० वर्षे लागतात. तळ्याचे काँक्रीट तेवढ्या काळात आणखी जुने होते. म्हणूनच २०१५पासून गाळ उपसणे सुरू झाले.